सातशे तीनचा वास

हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर मी चहा तसाच टाकून उठेन, कारण या गाढवपणात माझी आई थोडक्यात वाचलीय!

मी अगरबत्तीच्या कंपनीत, खरेदी खात्यात. वीस वर्षं माल हुंगतोय. चंदन खरं की खोटं, हे पुडी पूर्ण उघडायच्या आत सांगतो. त्यामुळे माझ्या नाकावर माझा फार विश्वास. होता, म्हणा.

आम्ही बाळकुमला, सातव्या मजल्यावर ७०४ मध्ये. शेजारी ७०३ मध्ये हिरामावशी, मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या कोळी. पावसाळा आला की त्यांच्याकडे सुक्या मासळीची बेगमी: बोंबील, जवळा, सगळं डब्यांत भरून. आणि त्यांची ड्राय बाल्कनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी चिकटून! आता माझ्यासारख्या नाकाच्या माणसाचं काय होत असेल?

त्यातच जूनमध्ये आईला खोकला लागला. आई अडुसष्ट वर्षांची, डोंबिवलीच्या शाळेत मराठीची बाई होती. ओट्याशी अर्धा तास उभी राहिली की डोकं धरून बसायची.

"मासळीचा वास," मी निदान करून टाकलं. डॉक्टर कशाला हवा? घरात नाक आहे ना!

त्याच रविवारी मी मिक्सरचं रिकामं खोकं कापलं आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक बुजवलं. खिडकीच्या फटींना खाकी टेप मारली. माझी बायको मधुरा दारात उभी राहून बघत होती.

"अरे, मग आपला धूर जाणार कुठून?"

"आपला धूर आपलाच असतो गं. बाहेरचा वास आत येतोय, त्याचं बोल!"

खोकला वाढला. मी टेपचा दुसरा थर दिला. मधुरा म्हणाली, हल्ली गॅसची ज्योत पिवळी दिसते. मी म्हटलं, दिसू दे, पेटतेय ना? कढयांची बुडं काळी पडायला लागली, तर भांडी घासणाऱ्या ताईंना बोललो. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "दादा, घासून हात गेले, गॅसच काळं करतो." ऐकतो कोण! उलट वास मारायला म्हणून मी ओट्यावर रोज दोन अगरबत्त्या लावायला लागलो. आमच्याच कंपनीच्या, फुकटातल्या.

आणि मग कहर केला. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "७०३ मधून येणाऱ्या दूषित हवेमुळे वृद्धांच्या आरोग्यास धोका आहे. कमिटीने तातडीने तपासणी करावी." वर तीन लाल उद्गारचिन्हं. एकशे बारा फ्लॅटनी वाचलं. हिरामावशींनीही वाचलं असणार, पण लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा नेहमीसारख्याच हसल्या.

श्रावणातला पहिला शुक्रवार. आईने पुरणाचा घाट घातला होता. मधुरा ऑफिसला, मी घरी. बाहेर पाऊस, आत सगळं बंद, तीन शेगड्या सकाळपासून धडधडतायत. माझंही डोकं ठणकत होतं. अकराच्या सुमाराला लाटणं पडल्याचा आवाज आला.

धावत गेलो. आई ओट्याला टेकून खाली बसलेली. चेहरा पांढरा, डोळे जड.

"आई! काय होतंय?"

"मळमळतंय रे... पाय उचलत नाहीत."

आता शहाणा माणूस काय करेल? खिडकी उघडेल. मी काय केलं? ओला टॉवेल घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराची खालची फट बंद करायला बसलो! म्हटलं, वास नक्की इथून शिरतोय. मग तसाच तरातरा जाऊन ७०३ चं दार बडवलं.

गंमत बघा, पॅसेजमध्ये येताच माझं डोकं जरा हलकं झालं. मला वाटलं, रागाने झालं असेल.

हिरामावशींनी दार उघडलं.

"मावशी, हात जोडतो! ते बोंबील बंद करा! माझी आई मरेल त्या वासाने!"

"श्रावण हाय ना बाला! गटारी झाली तवापासून आमचे घरान मावरं नाय शिजला. सुकटीचे डबे पन गावान बहिनीकडं ठेवलं. नारली पुनव होऊदे, मंग बघू."

मी नाक ओढून पाहिलं. मावशींच्या घरात खोबरं आणि उदबत्तीचा वास.

"मंग तुला वास कसला येतो रं?" त्यांनी विचारलं. "आन तुजी आस कुठं हाय?"

"आई आत... स्वयंपाकघरात. गरगरतंय तिला."

मावशींनी मला बाजूला ढकललं आणि साडी खोचून आमच्या घरात शिरल्या. टॉवेल लाथेने उडवला. पिवळ्या ज्योतीकडे एकदा बघितलं, तिन्ही बटणं फिरवली, माझं खोकं एका हिसक्यात उपटलं आणि खिडकी टेपसकट उघडली. "धर तिला!" आम्ही दोघांनी आईला उचलून त्यांच्या बाल्कनीत नेलं. ज्या बाल्कनीच्या नावाने मी दोन महिने बोंबललो, तिथेच!

तिथे आई खुर्चीत डोळे मिटून बसली. मी तिचे हात चोळत होतो. एक मिनिट, दोन, पाच. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

"आई, बोल ना काहीतरी."

बऱ्याच वेळाने ओठ हलले.

"पुरण करपेल."

मी तिथेच रडलो. मावशींनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि रिक्षा बोलवायला पिटाळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी आईला ऑक्सिजन लावला, मग माझी उलटतपासणी. ज्योत कशी? पिवळी. भांडी? काळी. फॅन? बुजवलेला. खिडकी? टेप लावलेली.

"पण डॉक्टर, मला गॅसचा वास आला नाही हो! मला वास लगेच कळतो."

"गॅस गळला तर वास येतो," ते शांतपणे म्हणाले. "पण तो नीट जळला नाही की जो विषारी वायू होतो, त्याला वासच नसतो. तुमच्या नाकाचा इथे काही उपयोग नाही."

वीस वर्षांची नोकरी तीन वाक्यांत संपवली माणसाने.

आई संध्याकाळी घरी आली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बर्नर साफ केले. उतू गेलेल्या दुधाने भोकं बुजली होती. ज्योत निळी झाली, फॅन फिरायला लागला. आठवड्यात खोकला कमी झाला आणि आई रोज चारला चहा घेऊन ७०३ मध्ये जायला लागली, हवापालटाला.

राहिला तो ग्रुपवरचा मेसेज. डिलीट करायची वेळ कधीच निघून गेली होती. मी माफीचा मजकूर जुळवतच होतो, तेवढ्यात फोन वाजला. आईने लिहिलं होतं, एकशे बारा फ्लॅटसमोर:

"वरील तक्रार अगदी योग्य आहे. फक्त ७०३ ऐवजी ७०४ वाचावे. – तक्रारदाराची आई."