एकविसावा दिवस

कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या घरात कोंबडी यायची ती रविवारी, रश्श्यासाठी. त्यामुळे लेकीने इन्क्युबेटर मागवून त्यात सात देशी अंडी मांडली, तेव्हा मी थट्टाच केली. थर्मोकोलचा डबा, आत बल्ब आणि छोटा पंखा. पण दोन-तीन दिवसांत तिच्याआधी मीच त्यात डोकावू लागलो. अंडी फिरवायचं, वाटीत पाणी घालायचं काम मी कधी ओढून घेतलं, कळलंच नाही.

दिवसांवरून मात्र आमचं पहिल्याच संध्याकाळी वाजलं. अंडी रविवारी ठेवली होती. "आज तो झीरो डे है, बाबा," ती म्हणाली. मला हसू आलं. शून्यावा दिवस कधी कुणाचा असतो का? बारसं असो की तेरावं, आपण पहिला दिवस धरूनच मोजतो. माझ्या मोजणीने एकविसावा दिवस, म्हणजे पिल्लं बाहेर यायचा, शनिवारी आला. शनिवार गेला. एकाही कवचाला चीर नाही.

रविवारी सकाळी ती सिटी सेंटरला क्लासला गेली आणि मी मोबाईलचा टॉर्च अंड्यांना लावला. सगळी काळीठिक्कर. आता काळं म्हणजे आत पिल्लू भरलंय की अंडं सडलंय? बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? वास येतोय का बघा."

वास घेतला. एकदा वाटायचं येतोय, एकदा वाटायचं छे. सडलेलं अंडं फुटलं तर बाकीचीही जातात, असं कुठेसं ऐकलं होतं. शेवटी मी एक उचललं आणि चमच्याने टोकाशी टिचवलं.

आतून रक्त आलं. मग एक चोच उघडली, मिटली. थोडा बलक अजून पोटाबाहेर होता. मी ते तसंच परत उबेत ठेवलं. दुपारपर्यंत ते हलत होतं. मला रडू यायला लागलं, आणि रविवारी रस्सा ओरपणाऱ्या माणसाला नेमकं कशाचं रडू येतंय, तेही समजेना.

संध्याकाळी उरलेल्या सहांपैकी चार अंड्यांना चिरा गेल्या. लेक डब्यापाशी नाचत होती. मग तिला बाजूला फडक्यात ठेवलेलं पिल्लू दिसलं.

"इसको क्या हुआ?"

"चोच मारून अडकलं होतं. मी सोडवायला गेलो."

तिने माझा हात धरला. "थँक्यू, बाबा. निदान तुम्ही ट्राय तर केलं."