काडी ओढून गॅसची गळती शोधणारे भावोजी

मंडळी, आज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात गॅसचा वास सुटला. होटगीहून मुक्कामाला आलेले माझे भावोजी खिशातून काडीपेटी काढत रुबाबात पुढं आले.

“सरका. काडी ओढून बगतो की! जाळ दिसला की कळतंय कुटं गळतंय.”

शेजारच्या खोलीत लेकरं झोपलेली! मी काडीपेटी हिसकावली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. वास गेल्यावर नळीला साबणाचा फेस चोपडला आणि रेग्युलेटर जरा चालू केला. लगेच बुडबुडे फुगले. नळीच चिरली होती. पुन्हा बंद केलं.

भावोजी काय म्हणाले असतील?

“बगा, मी म्हणलंच हुतं, गळतंय म्हणून! आता च्या टाका की.”

तुमच्या घरीही असा जाणकार आहे का? मग गळती नंतर शोधा, आधी त्याचे खिसे तपासा.