माहिती निरंक असल्यास तसे लिहावे

सत्र संपत आलं की आमच्या कॉलेजात दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक धानाचे, कारण कंपाउंडला लागूनच बांध्या, म्हणजे धानाची शेतं आहेत. दुसरे सूचनांचे. धान निदान कोणीतरी उचलून नेतं. सूचना व्हॉट्सअॅपवर तशाच पडून राहतात आणि त्यांच्याखाली किस्से साचतात. सांगायला बसलं की लोक हसतात. घडत असताना मला मात्र एकदाही हसू आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी भूगोल शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे सत्र संपलं की नेमणूक संपते. पुढच्या सत्रात परत बोलावतील की नाही, ते 'कार्यभार' नावाच्या एका तक्त्यावर ठरतं. विभागाचे तास किती, त्यांना माणसं किती लागतात, एवढंच त्यात असतं. तीन वर्षं त्या तक्त्यात मला जागा होती. यंदाही असावी, याच्यापलीकडे माझी या सत्राकडून काही अपेक्षा नव्हती.

विभागात माणसं दोनच. विभागप्रमुख कापगते सर, आणि मी, हेडाऊ मॅडम. सरांना कॉम्प्युटर येत नाही, मला शांत बसता येत नाही. मोबाइल वाजला तरी मी दचकते. सर म्हणतात, "मॅडम, मोबाइल हाय तो, साप नाई."

*

त्या दिवशी समोच्च रेषा शिकवत होते. टेबलावर मोबाइल थरथरला आणि हातातला खडू तुटला. ग्रुपवर सूचना होती: सत्राअखेरची कामे सुरू झाली आहेत, सर्वांनी तात्काळ वाचून 'नोटेड' लिहावे.

'तात्काळ' हा शब्द दिसला की मला थांबता येत नाही. खडूच्या बोटांनीच मी 'नोटेड' लिहिलं.

दहा मिनिटांत दुसरी सूचना: तासिका सुरू असताना मोबाइल वापरणाऱ्यांनी लेखी खुलासा द्यावा.

तास संपल्याबरोबर मी ऑफिसात धावले. सगळे कागद ज्यांच्या हातून जातात ते बांते बाबू शांतपणे शिक्का मारत होते.

"बाबू, खुलाशाची यादी मोठी असेल ना?"

"तुमी एकट्याच आहा मॅडम. बाकीच्यांनी तं सूचना वाचलीच नाई."

मी दोन पानी खुलासा लिहिला. बाबूंनी तो न वाचता फाइलला लावला. "एवढं कायले लिहित बसल्या? आता कमी लिवलं असतं तं प्रश्न विचारले असते, जास्त लिवलं तं कोणी वाचणार नाई. चांगलं केलं."

तेव्हापासून मी 'नोटेड' लिहिण्याआधी घड्याळ बघते. कॉलेज साडेपाचला सुटतं. त्याच्या आत माझं बोट त्या अक्षरांना लागत नाही.

*

मग आली अभ्यास सहलीच्या फोटोंची सूचना. फोटोवर ठिकाण छापलेलं पाहिजे, तरच सहल झाली असं धरणार.

सहल आमची खरीखुरी झाली होती. नाकाडोंगरीकडे पोरांना घेऊन गेलो होतो, खाणपट्ट्यातले दगड दाखवायला. दिवसभर उन्हात फिरलो. पण जंगलाजवळ नेटवर्कच नव्हतं, त्यामुळे ठिकाण छापणाऱ्या अॅपनं आदल्या दिवशीचं ठिकाण धरून ठेवलं. आणि आदल्या दिवशी मी कुठे होते? घरी, बाबांच्या हातमागाच्या खोलीत.

अहवाल छापून झाल्यावर बांते बाबूंनी चष्मा वर केला. "मॅडम, खाण घरीच निघाली का जी?"

रात्रीची झोप उडाली असती, पण बाबू दुपारीच म्हणाले की संध्याकाळपर्यंत नवीन फोटो द्या. कापगते सरांनी पोरांना कॉलेजच्या मागे नेलं. तिथे नवीन संडासाच्या बांधकामाची गिट्टी पडली होती. पोरं तिच्याभोवती उभी राहिली, एकानं दगड डोळ्याजवळ धरला. मी फोटो काढला. कॉलेजचं नाव, गाव, जिल्हा, सगळं व्यवस्थित छापून आलं.

फाइल मंजूर झाली. सर म्हणाले, "पहिल्या वेळी सहल बरोबर होती, ठिकाण चुकलं. आता ठिकाण बरोबर हाय."

*

आता तो किस्सा, जो मी अजून कोणाला धड सांगितलेला नाही.

ऑनलाइन तक्ता आला: वर्गात प्रत्यक्ष असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या भरा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की माहिती चुकीची आढळल्यास भरणारा व्यक्तिशः जबाबदार राहील. सर दोन दिवस धान कापायला रजेवर. फोन लागेना.

आमच्या पटावर एकवीस नावं. वीस जण येत होते. एकविसावी प्रतीक्षा दिघोरे, करडीकडची, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली. दीड महिन्यापासून तिचा पत्ता नव्हता. फोन बंद. वर्गातल्या पोरी म्हणाल्या, "तिचं लग्न जुळलं वाटते मॅडम. आता नाई येत ते."

दुसऱ्या विभागांनी काय केलं, ते मला नंतर कळलं. त्यांनी पट उघडला आणि आकडा उतरवला. मी मात्र 'व्यक्तिशः जबाबदार' तीनदा वाचलं, उठून पाणी प्यायले आणि वीस लिहिलं. बटण दाबलं. तक्त्याला कुलूप लागलं.

सर परत आले. बोटांना धानाच्या पातीचे कापे होते. त्यांनी छापील प्रत पाहिली आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"एकविसावी पोरगी कुठं गेली?"

"तिनं कॉलेज सोडलं म्हणतात सर."

"तिनं सांगतलं का?"

"नाही."

"मग तुमी काहून सांगतलं?"

मला वाटलं सर चिडले. चिडले नव्हते. त्यांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मला हिशेब काढून दाखवला. विसापर्यंत प्रात्यक्षिकाची एक तुकडी. एकविसाव्या नावाला दुसरी तुकडी उभी राहते. दुसरी तुकडी म्हणजे जास्तीचे तास. ते तास म्हणजे मी.

"माहीत नोतं का तुमाले?"

माहीत होतं. वर्गात मी तेच तर घेत होते, दुसरी तुकडी. पण तक्ता भरताना मला फक्त खालची ठळक ओळ दिसत होती.

*

दुरुस्तीसाठी बांते बाबूंकडे गेले. त्यांनी स्टूल पुढे केलं, म्हणजे बातमी वाईट होती.

"दुरुस्तीची मुदत काल संपली मॅडम."

"पण दुरुस्ती करता येते, ही सूचना तर आज सकाळी आली."

"हाव. मुदत संपली हे सांगाले सूचना काढाच लागते ना."

मी अर्ज लिहिला. बाबूंनी आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, माझ्या प्रतीवर सही केली. सगळं इतक्या मायेनं केलं की मला क्षणभर काम झाल्यासारखं वाटलं.

घरी बाबांना सांगितलं. ते मागावर होते. मी बोलत असताना एक तार तुटली, त्यांनी पायडल थांबवलं, दोन बोटांत टोकं धरून गाठ मारली.

"तार तुटली तं गाठ मारतो आमी," ते म्हणाले. "मोजून कमी नाई करत."

"बाबा, ती तार नव्हती. पोर्टल होतं."

"मग गाठ मारता येत नाई त्याच्यात?"

"कुलूप लागलं त्याला."

"असा माग कोणी बनवला?" त्यांनी खरंच विचारलं होतं. मी आत जाऊन चहा ठेवला.

*

प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी मी वीस प्रश्नपत्रिका मांडल्या. दारात कोणीतरी चपला काढल्याचा आवाज आला आणि मी सवयीनं दचकले.

प्रतीक्षा उभी होती. उन्हानं रापलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली प्रात्यक्षिक वही.

"मॅडम, बाहेरच्या यादीत माझं नाव काहून नाई जी?"

माझ्या तोंडून आधी निघालं, "तुझं लग्न?"

"कोणाचं? माझं?" ती हसायला लागली. "बाबाचा पाय मोडला ना मॅडम. मग मासे धराले डोंग्यावर मीच जाऊन राहिली होती. मोबाइल तलावात पडला. मी वही पूर्ण केली पण. पाहा तं."

विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव होतं, त्यामुळे परीक्षेला बसवता आलं. कमी केलं होतं ते फक्त मी. एकविसावी प्रश्नपत्रिका झेरॉक्स करून आणली. वहीत तिनं गावच्या तलावाचा नकाशा काढला होता, खोलीच्या रेषांसकट. बाहेरून आलेले परीक्षक त्या पानावर थांबले. "ही मोजमापं कुठून घेतली?"

"बांबूनं सर. आमाले माहीतच असते, कुठं किती पाणी हाय ते."

तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. निघताना ती माझ्यापाशी आली. "पुढच्या सत्रात नकाशे तुमीच शिकवता ना मॅडम? मले अजून एक तलाव काढाचा हाय."

मी म्हणाले, "काढ. काढून ठेव."

*

शेवटच्या दिवशी पुढच्या सत्राच्या कार्यभाराचा तक्ता आला. तो विभागप्रमुखांनी भरायचा असतो. आमच्याकडे सर सांगतात आणि मी टाइप करते, तीन वर्षांची पद्धत आहे.

विभाग: भूगोल. टाइप केलं. विद्यार्थी: वीस, कारण कुलूप लागलेल्या तक्त्यातलाच आकडा धरायचा होता आणि माझ्या अर्जाचं उत्तर आलं नव्हतं. टाइप केलं. प्रात्यक्षिक तुकड्या: एक. टाइप केलं. पूर्णवेळ शिक्षक: एक, आणि सरांचं नाव. ते मी सरांनी सांगायच्या आधीच टाइप केलं.

पुढचा रकाना होता, तासिका तत्त्वावरील आवश्यक शिक्षक. सर थांबले. खिडकीबाहेर मळणी यंत्र चालू होतं.

"खाली काय लिवलं हाय, मॅडम?"

मी वाचून दाखवलं. "माहिती निरंक असल्यास तसे लिहावे." निरंक म्हणजे शून्य, कोणी नाही.

सर उठले. "सरका तुमी. हे मी लिवतो."

मी खुर्ची सोडली. सर बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एक बोट की-बोर्डवर फिरवायला लागले. वरची ओळ झाली, मधली झाली, खालची झाली. बोट परत वर गेलं. घाम आला होता त्यांना. दोन मिनिटं झाली, पडद्यावर काही उमटलं नाही.

"मॅडम, 'न' कुठं हाय याच्यात?"

मी वाकून दाखवला. मग वेलांटी दाखवली. 'र' सापडल्यावर त्यांचा हात थांबला, पुढे जाईना.

"सर, राहू द्या," मी म्हणाले. "पाचच्या आत पाठवायचंय."

ते उठले. मी बसले, उरलेला शब्द पूर्ण केला आणि बटण दाबलं.

पावणेपाचला ग्रुपवर सूचना आली. कार्यभार सर्वप्रथम सादर केल्याबद्दल भूगोल विभागाचे अभिनंदन, सर्वांनी नोंद घ्यावी.

मी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. दगडांचे नमुने पेटीत भरले, नकाशे गुंडाळून कपाटात लावले, किल्ली सरांकडे दिली. साडेपाचची घंटा होऊ दिली. मग 'नोटेड' लिहिलं.