पंचनाम्याचा फोटो

आमच्या गावची देवराई वादळाने मोडली, असं मी लोकांना सांगतो. हे अर्धंच खरं आहे. उरलेली अर्धी मी मोडली, तीही उकिडवं बसून, कॅमेऱ्याने.

महाडला एसटी डेपोजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, आणि पूर ओसरला की पंचनाम्याचे. हा प्रकार आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. चिखल दिसला पाहिजे, भिजलेली गादी दिसली पाहिजे, माळ्यावर वाचलेली ट्रंक मात्र फ्रेममध्ये येता कामा नये. खोटं काही नसतं त्यात. शाबूत वस्तू तेवढी बाहेर ठेवायची. या कामात माझा हातखंडा आहे. त्याचा मला अभिमानही होता, आणि हे लिहिताना लाज वाटते.

राई आमच्या गावच्या देवीची, पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याखाली. चपला बांधावर काढून आत जायचं. बाहेर पडताना केस, कपडे झटकायचे, कारण देवीचं वाळकं पानसुद्धा घरी येता नये. लहानपणी आई माझे खिसे उलटे करून बघायची. मधोमध एक सातवीण आणि दोन किंजळ होते. त्यांच्याखाली मे महिन्यातही पायाला जमीन गार लागायची. महाडात कुणाशी वाजलं की मी तिथे जाऊन बसायचो. देवीवर माझा फारसा विश्वास नाही, त्या झाडांवर होता.

वादळानंतर रस्ता मोकळा झाला तशी मोटारसायकल काढली. आईन, हिरडे, जांभळी, सगळं आडवं झालेलं. देवळाचं छप्पर उडालेलं. मला रडू आलं आणि रागही आला, कुणावर ते कळेना. पण मधली तिन्ही झाडं उभी होती. मी सातविणीला हात लावून आलो.

माझे थोरले काका राईची देखरेख करतात. ते देवळाच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "आलास तर फोटो काढ रे. देऊळ, घरं, राई, सगळं भरपाईच्या एकाच अर्जात लावायचं हाय. नुकसान नीट दिसू दे."

नीट म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नाही. मी उकिडवा बसलो, उपटलेली मुळं पुढे घेतली आणि ती तीन झाडं फ्रेमबाहेर ठेवली. स्वतःसाठी त्यांचा एक फोटो काढावा, हेसुद्धा सुचलं नाही.

गावाने अर्जात लिहिलं, ‘राईतील सर्व झाडे पडली.’ सोबत माझे फोटो जोडले. मग पडलेली लाकडं सडू नयेत म्हणून देवीला कौल लावला. पडलेली झाडं हलवायची का, एवढंच विचारलं होतं. देवीने उजवा कौल दिला, म्हणजे होकार. एका ठेकेदाराला अर्जाची नक्कल देऊन कामाला लावलं.

काकांचा फोन आला तेव्हा मी एका लग्नात होतो. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला आणि निघालो. पोचलो तर सातवीण आडवी होती आणि तिच्या बुंध्यातून पांढरा चीक गळत होता. ठेकेदाराची माणसं किंजळांपाशी उभी होती. अर्धं गाव जमलं होतं.

"उभी झाडं तोडताय?" मी विचारलं. आवाज चढलाच होता.

ठेकेदार शांत होता. त्याने खिशातून नक्कल काढून उलगडली. "मला सगळी पडलेली म्हणून दिल्यात. फोटो तुमचाच ना? ह्यात उभं झाड दाखवा."

मी बघितलं. नव्हतं. काम अगदी चोख झालं होतं.

"सांग ना रे त्याला," काका म्हणाले, "फोटोत घेतली नायत म्हणून."

"सांगा की," ठेकेदार म्हणाला. "मग मी पण वर कळवतो, अर्जात खोटं लिवलंय म्हणून."

देवळावर ताडपत्री होती. वाडीतल्या बऱ्याच घरांवरही होती, आणि त्या सगळ्यांचा अर्ज तोच होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून त्यांना काय ऐकायचं आहे ते मला कळत होतं. दोन्ही किंजळ समोर उभे होते.

"बोला," ठेकेदार म्हणाला. "राई सगळी पडलेली का नाय?"

"पडलेली," मी म्हटलं.

काकांनी तोंड फिरवलं. करवत सुरू झाली.