न झालेल्या भाषणाचा वृत्तांत

सोलापुरात खोटं न बोलणारी माणसं शोधली असती तर पाच-पन्नास सापडली असती. पण खोटं न छापणारा माणूस त्या काळी एकच होता, आणि ते आमचे संपादक होते. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली म्हणून हे म्हणत नाही. मी मोडनिंबच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचा मुलगा. आमच्या घराण्यात पहिला बी. ए. झालो, हे मी कधी लपवलं नाही आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही. पदवी घेऊन मी त्यांच्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या सर्टिफिकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलावरची एक बातमी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "ह्यात खरं किती?" मी म्हणालो, "मी तिथं नव्हतो." "मग उद्यापासून या," ते म्हणाले. झाली माझी मुलाखत.

चार पानांचं साप्ताहिक, दर गुरुवारी निघायचं. पण त्या चार पानांसाठी हा माणूस आठवडाभर गावभर फिरायचा. कोटाच्या दोन्ही खिशांत पेन्सिलींचे तुकडे, काखेत वही. सभा कुठलीही असो, हे सगळ्यांत मागे उभे राहायचे, कारण तिथून डोकी मोजता येतात. एका बड्या वकिलांच्या व्याख्यानाची बातमी त्यांनी "श्रोते सदतीस, समारोपाच्या वेळी जागे एकोणतीस" अशी छापली. दुसऱ्या दिवशी वकील तणतणत कचेरीत आले. "अहो, 'प्रचंड जनसमुदाय' असं लिहायला तुमचं काय जात होतं?" संपादक शांतपणे म्हणाले, "माझं काहीच जात नव्हतं वकीलसाहेब, पण तो आणायचा कुठून?" लग्नाकार्यात त्यांना बोलवायला लोक बिचकत. शेवटच्या पंगतीला बुंदी पुरली नाही, हे छापून यायचं. घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, हौसेनं विचारावं, "आमटी कशी झाली?" आणि ह्यांनी सांगावं, "मीठ कमी, आंबट बरोबर, कालच्यापेक्षा पातळ." काकू म्हणायच्या, "मी आमटीचं विचारलं होतं, बातमी नव्हती मागितली."

असा माणूस मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेला कसा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. आमच्या भागाचे जुने सभासद मुंबईला जाऊन काही करत नाहीत, असं ते इतकी वर्षं लिहीत आले होते, की लोक शेवटी म्हणाले, "मग तुम्हीच जावा की!" आणि हे उभे राहिले. निवडणुकीतसुद्धा दोन्ही बाजूंच्या सभांची बातमी तेच लिहायचे. "विरोधी उमेदवारांचे भाषण प्रभावी झाले. प्रस्तुत संपादकाचे भाषण मध्येच अडखळले." काकूंनी अंक मिटून ठेवला आणि म्हणाल्या, "हे वाचून मला वाटतं, माझं मत त्यांनाच द्यावं." तरी हे निवडून आले. पहिल्या दिवशी कौन्सिलात गेले ते सवयीनं थेट बातमीदारांच्या बाकावर जाऊन बसले. पट्टेवाल्यानं उठवून सभासदांच्या जागेवर नेऊन बसवलं, तर तिथंही त्यांनी वही काढली आणि बाकीच्यांची भाषणं टिपायला सुरुवात केली.

वर्ष गेलं. संपादकांनी एक अक्षर तोंडातून काढलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकून लिहिलेला माणूस. स्वतः उभं राहिलं की घसा कोरडा पडायचा. गावातल्या दुसऱ्या पत्रानं त्यांना 'मुके सभासद' हे नाव देऊन टाकलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही; "खरं आहे ते," म्हणाले. पण एके दिवशी तेलुगू विणकरांच्या गल्लीतले व्यंकय्या कचेरीची पायरी चढून आले. सत्तरीचे, ताठ, मागावर बसून बसून एक खांदा उतरलेला. त्यांच्या गल्लीत नळ नव्हता. सुताला खळ द्यायची, रंग द्यायचा, प्यायचं, सगळं पाणी एका विहिरीचं, आणि उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. म्युनिसिपालिटी म्हणायची, सरकारनं मदत दिली तर नळ घालू.

"संपादकसाब," व्यंकय्या म्हणाले, "आमच्या बायका पाण्यासाठी लायनीत हुब्या ऱ्हात्यात, आन् माग तसाच पडून ऱ्हातो. तुमाला तिकडं धाडलं ते काय लिवायला? लिवायचं तर हितंबी लिवत होता की. बोला की जरा!"

संपादकांनी वही उघडली. मग आठ दिवस त्यांनी भाषण तयार केलं. गल्लीत जाऊन घरं मोजली, माग मोजले, विहिरीत दोर सोडून पाणी मोजलं. छापखान्यात यंत्राच्या खडखडाटात उभे राहून ते भाषण म्हणायचे. तिथं आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून भीती वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुंबईला निघताना भाषणाची प्रत माझ्या हातात दिली. "बुधवारी माझी पाळी आहे. बोललो तर लगेच तार करीन. तार आली तर छापा. नाही आली तर त्या जागी बाजारभाव घाला."

गुरुवार उजाडला. तार नाही. छापायचा मजकूर खिळ्याखिळ्यानं जुळवणारे आमचे जुळारी शिवलिंगप्पा, अक्कलकोटकडचे, अर्धं कानडीत बोलणारे, खिळ्यांच्या पेटीशी उभे. मी म्हणालो, "जुळवा भाषण." ते म्हणाले, "तार बंदिल्ला की, बीएसाहेब. आली न्हाय तार. बाजारभाव घालतो." मी चिडलो. तारा उशिरा येतात, हे काय मला माहीत नाही? संपादक बुधवारी बोलणार म्हणाले म्हणजे बोललेच असणार, आणि ही बातमी आठ दिवस शिळी करून छापायची? मी शिकलेला होतो आणि शिकलेल्या माणसाला वाट बघणं कमीपणाचं वाटतं. मी भाषण छापलं. एवढंच नाही, शेवटी माझ्या पदरचं घातलं : "टाळ्यांचा प्रचंड कडकडाट."

शनिवारी संपादक गाडीतून उतरले तर फलाटावर व्यंकय्या आणि गल्लीतली तीस-चाळीस माणसं हार घेऊन उभी. मीही त्यांच्यात, छाती पुढे काढून.

"हे कशाबद्दल?" संपादकांनी विचारलं.

"बोललासा की!" व्यंकय्यांचे डोळे भरले होते. "लोकांनी वाचून दाकवलं आमाला."

संपादकांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग हार हातात धरून ते म्हणाले, "व्यंकय्या, मी बोललो नाही. माझी पाळी यायच्या आत बैठक संपली."

व्यंकय्या समजूत घालावी तसे म्हणाले, "असू द्या की साब. तुमच्या पेप्रात छापून आलंय म्हंजी झालंच की."

हेच वाक्य त्यांना लागलं. घरी न जाता ते तसेच कचेरीत आले आणि उभ्या उभ्याच लिहिलं : "गेल्या अंकात पाण्याविषयीच्या भाषणाचा वृत्तांत आला आहे. ते भाषण झालेले नाही. टाळ्याही झालेल्या नाहीत. चूक संपादकाची आहे." मी म्हणालो, "चूक माझी आहे. माझं नाव घाला." ते म्हणाले, "अंकावर नाव कुणाचं आहे?" "पण हे पहिल्या पानावर घातलंत तर लोक तुम्हाला हसतील. पुढची निवडणूक जाईल." "भाषण कुठल्या पानावर होतं?" "पहिल्या." "मग?" आणि मला वाटलं होतं आता नोकरी गेली, तर ते म्हणाले, "बाजारभाव आहेत ना तयार? तेही घ्या. लोकांचे एका आठवड्याचे राहिलेत."

पुढे कौन्सिलच्या पुण्याच्या अधिवेशनात ते खरोखर बोलले. चार मिनिटं. परत येऊन बातमी त्यांनी स्वतः लिहिली : "बरेचसे सभासद चहाला गेले होते. टाळ्या झाल्या नाहीत." निवडणूक मात्र गेली ती गेलीच. विरोधकांनी दर सभेत ती चूकदुरुस्ती वाचून दाखवली आणि लोक पोट धरून हसले. संपादक सगळ्यांत मागे उभे राहून ऐकत होते, आणि वाचणाऱ्यानं एक शब्द गाळला तेव्हा त्यांनी तो मागून सांगितला. नळ दोन-तीन वर्षांनी आला. कुणामुळे, ते मी सांगणार नाही. मला पक्कं माहीत नाही.

व्यंकय्यांनी मात्र ते टाळ्यांचं भाषण काचेत बसवून देवाशेजारी टांगलं होतं. संपादकांना हे कळलं, तेव्हा ते काढायला सांगायला गेले. व्यंकय्या ऐकेनात. मग संपादकांनी चूकदुरुस्तीची तेवढ्याच मापाची चौकट करून घेतली आणि स्वतः नेऊन भाषणाच्या शेजारी ठोकली.

संपादक गेल्यावर महिन्याभरानं मी त्या घरी गेलो. दोन्ही चौकटी जागेवर होत्या. घरातल्या कुणालाच मराठी वाचता येत नव्हतं. त्यामुळे सकाळी देवाचं झालं की दोन्हींना सारखंच कुंकू लागायचं. व्यंकय्या म्हणाले, "ह्या दुसरीत काय लिवलंय, वाचा की जरा. ते हुते तवा इचारायचं राहून गेलं."

मी वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबलो. म्हणालो, "व्यंकय्या, ह्यात एक खोटं आहे. चूक त्यांची नव्हती. तार आलेली नसताना मी छापलं. टाळ्या मी घातल्या."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठवून लावणार. पण त्यांनी भिंतीकडे हात केला. दुसऱ्या चौकटीच्या पलीकडे हातभर भिंत मोकळी होती.

"मग तसं छापून आणा की," ते म्हणाले. "जागा हाय."