चालू काटा, बदलते सर्व्हर

सर्व्हर रूममध्ये किस्से साठत असतील असं कुणाला वाटत नाही. आत एसी, दाराबाहेर काढलेल्या चपला आणि स्क्रीनकडे बघत बसलेली तीन माणसं. पण इंदापूर तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यात सहा गळीत हंगाम काढल्यावर माझ्याकडे इतके किस्से झालेत, की लासुर्ण्याला घरी गेले की बहिणी ताट वाढायच्या आधी तेच मागतात.

त्यांना मी आधी सांगते ते तुम्हालाही सांगते. आमच्याकडे दोन मोठे सर्व्हर. त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेली बरीच कॉम्प्युटरं चालतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. उसाच्या वजनकाट्याचं मशीन त्यातलंच एक. ते बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येतं. अट एवढीच, की दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरचं एकमेकांशी जमलं पाहिजे. एकावर नवं बिल्ड, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आणि दुसऱ्यावर जुनं असलं की भानगडी सुरू.

हे मी सुभाषरावांना समजावायला गेले होते. सुभाषराव लोणी भापकरचे, काट्यावर तीस वर्षं क्लार्क. जुन्या बिल्डवरचं मशीन नव्यावर सहज जातं, पण तिथलं नवं काही अंगाला लावून घेतलं की जुन्यावर परत येत नाही, असं मी कागदावर बाण काढून अर्धा तास सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे पुण्याला राहून आलेली पोरं. जाताना नीट जात्यात. परत आल्यावर हितलं काय चालत न्हाय."

तेव्हापासून नव्या लोकांना मी हेच सांगते. कागद लागत नाही.

सचिन आमच्यातला हौशी. पळसदेवचा, हुशार, पण अपडेट दिसलं की त्याला राहवत नाही. पहिल्या वर्षी त्यानं एका सर्व्हरवर नवं बिल्ड टाकलं, काट्याचं मशीन तिकडे नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याचा 'मशीन टाइप', म्हणजे ते कुठल्या पिढीचं कॉम्प्युटर म्हणून चालायचं ती सेटिंग, तीही नवी करून टाकली. दोन दिवसांनी ते परत आणायची वेळ आली, तर जुना सर्व्हर त्याला ओळखच देईना. काटा अर्धा तास बंद ठेवावा लागला. ट्रॅक्टरवाल्यांनी सचिनच्या खानदानाची चौकशी केली.

आमच्या वरिष्ठ निंबाळकर मॅडम रोज बारामतीहून येतात. त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी भिंतीवर कागद चिकटवला : 'मशीन टाइप जुनाच राहील. कुणीही बदलू नये.' सचिननं वाचून मान डोलावली. मॅडमनी पेन घेतलं आणि 'कुणीही'च्या पुढं कंसात 'सचिन' लिहिलं.

मग मॅडमनी शिस्त लावली. बिल्ड बदललं की आधी एक रिकामं मशीन तिकडे पाठवायचं. ते जाऊन परत आलं, तरच काट्याच्या मशीनला पाठवायचं. त्या रिकाम्या मशीनचं नाव सचिननं ठेवलं कमल. का, ते आम्ही विचारलं नाही.

एका दुपारी सचिन कँटीनमधून मॅडमना फोनवर सांगत होता, "मॅडम, कमल गेली." थोडं थांबून, "नाही नाही, काहीच त्रास झाला नाही. एका सेकंदात गेली."

कँटीनच्या शोभामावशींच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या बाहेर आल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सचिन आपल्याच नादात. म्हणाला, "मावशी, एक मिनिट. ती परत यायचीय अजून."

मावशींनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन बाकीच्यांना हळूच सांगितलं, "धक्का बसलाय पोराला."

मध्यंतरी पुण्याहून एक तज्ज्ञ आले. त्यांचं म्हणणं, हा जुना टाइप फेका, सगळं लेटेस्ट करा. ते दाखवायला त्यांनी लॅपटॉप उघडला, तर त्यांची नव्या पद्धतीची वायर आमच्या प्रोजेक्टरला बसेना. मॅडमनी ड्रॉवरमधून एक जुना जोड काढून त्यांच्यापुढं ठेवला. पुढचा तासभर तज्ज्ञ त्या जोडावरच आम्हाला लेटेस्टचं महत्त्व सांगत होते.

आता गेल्या हंगामातलं. भर फेब्रुवारी, ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. सकाळी अकराला नव्या बिल्डच्या सर्व्हरचे पंखे बंद पडले आणि आतली उष्णता चढायला लागली. काट्याचं मशीन नेमकं त्याच्यावर. तज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, नव्यावरून जुन्यावर चालू मशीन जाणार नाही, बंद करूनच हलवा, तासभर धरा.

तासभर म्हणजे उन्हात वाळणारा ऊस, आणि पहाटेपासून ताटकळलेली माणसं. मॅडमनी फोन ठेवला. तीन वर्षं त्यांनी त्या मशीनला जुना टाइप सोडू दिला नव्हता, आणि परतीची वाट दर बिल्डला तपासून घेतली होती. त्या सचिनला म्हणाल्या, "पाठव."

त्यानं बटण दाबलं. नव्याण्णव टक्क्यांवर जाऊन आकडा थांबला. सचिननं डोळे मिटले. मी मॅडमकडे पाहिलं, तर त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग आकडा शंभर झाला. मशीन जुन्या सर्व्हरवर चालू दिसत होतं.

तरी खात्री म्हणून मॅडमनी काट्यावर फोन लावला. "सुभाषराव, काटा चालू आहे ना?"

"चालू हाय की," सुभाषराव म्हणाले. मग संशयानं, "का? तुमी हात लावताय का काय?"