दत्ता स्टेक करायचा, एवढं तरी म्हणा

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओमानमधल्या खाबुऱ्यात एका शेतावरच्या शीतगृहात, बिघडलेल्या कॉम्प्रेसरपाशी उकिडवा बसलो होतो. फोन श्रुतीचा, दत्ताच्या मुलीचा. ती बारावीत आहे. मस्कतमध्ये वाढलेली, त्यामुळे मराठी शोधत शोधत बोलते. "इकबालकाका, बाबांना ड्युटीवर… चेस्ट पेन झालं. हॉस्पिटलमध्ये आणलं. डॉक्टर म्हणतात की…" पुढचा मराठी शब्द तिला सापडेना. मला तो ऐकायचाही नव्हता. हातातला पाना तिथेच टाकून मी गाडीत बसलो. आमचं मस्कतमधलं वादी कबीर तिथून दोन-अडीच तासांवर. वाटेत पेट्रोलला थांबलो तेव्हा आमच्या गणपती उत्सवाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येऊन पडला होता : 'हॉटेल क्षेत्रातील आपले सहकारी, सात्त्विक वृत्तीचे श्री. दत्ताराम यांचे दुःखद निधन.' खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. मी पंपावर उभा राहून तो निरोप दोनदा वाचला आणि माझं डोकं सणकलं. दत्ताचं शरीर अजून इस्पितळातून बाहेर आलं नव्हतं आणि या लोकांनी त्याला धुवायला सुरुवात केली होती.

हॉटेल क्षेत्रातील म्हणजे काय? रूम साफ करायचा की दारात उभा राहून सलाम ठोकायचा? दत्ता मस्कतमधल्या एका मोठ्या हॉटेलात ग्रिलवर होता. एकोणीस वर्षं. स्टेक करायचा. त्यातही पोर्टरहाऊस नावाचा जो भलाथोरला तुकडा असतो तो त्याचा खास. मधे इंग्रजी टी अक्षरासारखं हाड, एका बाजूला दाट, चवीचं मांस, दुसऱ्या बाजूला लोण्यासारखं मऊ, आणि दोन्ही बाजू एकाच आगीवर एकाच वेळी बरोबर उतरवायच्या. हे जमणारा माणूस त्या हॉटेलात दुसरा नव्हता. परदेशी पाहुणे टेबल राखून ठेवायच्या आधी विचारायचे, आज दत्ता आहे का? आणि हा दत्ता गुहागर तालुक्यातल्या एका वाडीचा. घरी देव्हारा, श्रावण पाळणारा. गाईचं मांस त्याने आयुष्यात एक घासही खाल्लं नाही. ड्युटीवरून आला की आधी न्हाणीघरात, मग देवापाशी, मग चहा. हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही.

मी रत्नागिरीच्या खाडीकाठचा. वादी कबीरमध्ये माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं लहानसं वर्कशॉप आहे आणि दत्ताच्या हॉटेलाचं काम माझ्याकडे होतं, त्यातून आमची ओळख. मी एकदा सहज म्हणालो, "तुझ्या त्या रेस्टॉरंटचा गारवा आम्ही सांभाळतो, पण खुर्चीवर बसून जेवलो नाही कधी." तो म्हणाला, "तिथे कशाला बसतोस? घरी करू. तुझ्या घरी." त्याच्या घरी ते शक्य नव्हतं आणि तसं करायचं त्याच्या मनातही आलं नसतं. गुरुवारी संध्याकाळी तो माझ्याबरोबर मीट काउंटरवर आला. तीन बोटं जाडीचा तुकडा कापून घेतला, माझ्या स्वयंपाकघरात त्याला मीठ चोळलं आणि न झाकता तसाच जाळीवर ठेवून फ्रिजमध्ये सरकवला. रेहाना, माझी बायको, म्हणाली, "दत्ताभाई, झाका हो, सुकेल ते." तो हसला. "सुकायलाच ठेवलंय, भाभी." आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. फ्रिजची हवा कोरडी असते हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. वरचं पाणी गेल्याशिवाय मांस भाजलं जात नाही, नुसतं उकडतं. माझ्या धंद्यातली गोष्ट हा आपल्या धंद्यात वापरत होता! त्या दिवशी आम्ही दोघे फ्रिज उघडून शाळकरी पोरांसारखे बोलत बसलो.

शुक्रवारी दुपारी तो पुन्हा आला. रेहानाचा भाकरीचा जाड लोखंडी तवा घेतला, खिडक्या उघडायला लावल्या आणि तवा धुरावेपर्यंत तापू दिला. आधी तुकडा चरबीच्या कडेवर उभा धरला, ती चरबी वितळून तव्यावर पसरली, मग आडवा टाकला. मऊ बाजू तव्याच्या थंड काठाकडे, दाट बाजू मधोमध. कारण मऊ बाजू लवकर शिजते, "तिला घाई असते," तो म्हणाला. शेवटी लोणी आणि ठेचलेला लसूण, तवा तिरका करून चमच्याने ते लोणी वरून ओतत राहिला. बोटाने दाबून पाहायचा आणि मान हलवायचा. मग उतरवून पाटावर ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही. दहा मिनिटं! पोटात भूक, घरभर तो वास… रेहाना रडकुंडीला आली. शेवटी त्याने हाडापासून दोन्ही बाजू सोडवल्या, काप केले आणि पुन्हा हाडाला लावून ताटात मांडले. आतून गुलाबी. रेहाना घाबरली. आमच्याकडे मोठ्याचं, म्हणजे बीफ, ते चमच्याने तुटेपर्यंत शिजवलेलं. "कच्चं आहे हो हे!" "एक घास खा, भाभी. नाही आवडलं तर रस्सा करून देतो." तिने एक घास खाल्ला. दुसरा घेतला. दत्ता माझ्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ उभा राहून आमची तोंडं बघत होता, हातात रेहानाने केलेली चण्याची डाळ आणि चपाती. त्यानंतर महिन्यातला एक शुक्रवार त्याचा ठरून गेला.

आता रागाची गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांनी मिळून सुरू केलेल्या गणपतीचा महाप्रसाद अकरा वर्षं दत्ताने रांधला. रजा टाकून. डाळ-भात, बटाट्याची भाजी, आणि काळ्या वाटाण्याची आमटी, जिच्यासाठी लोक सोहारहून गाडी काढून यायचे. मी हॉलचे एसी बघायला जायचो आणि ओमानी चौकीदाराबरोबर दोनदा ताट वाढून घ्यायचो. अकरा वर्षं कुणी विचारलं नाही की हा माणूस नोकरीत काय शिजवतो. मग हॉटेलने जाहिरातीसाठी त्याचा एक फोटो टाकला. पांढरी टोपी, हातात तबक, तबकात पोर्टरहाऊस, चेहऱ्यावर अगदी त्याचं ते लाजरं हसू. तो फोटो कुणीतरी उत्सवाच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाने टाकला की कसा, ते मला आजवर कळलेलं नाही.

समितीचे तिघे एका शुक्रवारी सकाळी त्याच्या घरी आले. मी तिथेच होतो, त्याच्या फ्रिजचं रबर बदलत होतो. अध्यक्षसाहेबांनी सुरुवात केली, "दत्ताराम, यंदा जरा आराम करा तुम्ही."

"आराम कसला साहेब? सामान कधी आणायचं तेवढं सांगा."

"नाही, म्हणजे… केटरर सांगितलाय. लोक बोलतात हो. आमचं वैयक्तिक काही नाही, पण तुमचा तो फोटो… शेवटी प्रसाद आहे. हाताचा प्रश्न येतो."

सुनंदा वहिनी, दत्ताची बायको, आतून पाण्याचे पेले घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या. दत्ता म्हणाला, "बरं." एवढंच. आणि उठून स्वतः चहा करून आणला. ते तिघे चहा प्यायले. हाताचा प्रश्न चहाला आला नाही! बिस्किटंसुद्धा बुडवून खाल्ली. मी जमिनीवर बसून फ्रिजचं रबर दाबत राहिलो. ते गेल्यावर मी उसळलो, तर दत्ता म्हणाला, "इकबाल, तू यात पडू नकोस. तू बोललास तर वेगळाच विषय होईल." त्याचं खरं होतं आणि म्हणून मी गप्प बसलो. आता वाटतं, नको तिथे शहाणपणा केला. मित्राचा अपमान समोर होत असताना माणसाने रबर बदलत बसू नये.

पुढे काही महिन्यांनी मी हॉटेलात शिडीवर चढून छतातला एसी बघत होतो. दुपारची वेळ, रेस्टॉरंट अर्धं रिकामं. खाली एका टेबलावर आमचे अध्यक्षसाहेब, बरोबर त्यांच्या कंपनीचे परदेशी पाहुणे. मधोमध पोर्टरहाऊस. साहेबांच्या ताटात काप, काट्यात घास, आणि पाहुण्यांना कसा झालाय ते समजावून सांगणं चाललेलं. मी शिडीवरून उतरलो तो थेट किचनमध्ये. "दत्ता, तो स्टेक कुणाला गेला, माहीत आहे?"

"टेबल नऊला."

"अरे, माणूस कोण ते माहीत आहे का?"

"टेबल नऊ, मिडियम रेअर." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मघाशी दारातून बघितलं मी. खाणाऱ्याचं नाव बाहेर काढायचं नसतं, इकबाल. तो आपला पाहुणा. नीट झाला होता ना? मऊ बाजू जास्त झाली की काय, अशी मला शंका आहे."

त्याला ही शंका होती! ज्या माणसाने त्याच्या हाताला बाट लावला, त्याच्या घासात काही कमी तर राहिलं नाही ना, ही. मला त्या दिवशी दत्ताचासुद्धा संताप आला होता. आजही येतो. इतकं चांगलं असण्याचा अधिकार माणसाला नसतो. त्याने बाकीच्यांचं फावतं.

दत्ताला गावी नेलं. वहिनी आणि श्रुती तिकडचे दिवस करून परत आल्या, कारण श्रुतीची परीक्षा होती. मग समितीने शोकसभा ठेवली. हॉल तोच, जिथे तो मोठाली पातेली उतरवायचा. हार घातलेला फोटो होता, पण पासपोर्टचा, मोठा केलेला, त्यात तो ओळखूही येत नव्हता. एकेक जण बोलला. मितभाषी, धार्मिक, सेवाभावी. अकरा वर्षांच्या महाप्रसादाचं तोंड भरून कौतुक झालं. तो बंद कसा झाला, हे कुणाला आठवेना. "त्यांच्या हाताला देवाचा आशीर्वाद होता," असं साक्षात अध्यक्षसाहेब म्हणाले. मग मी उठलो.

"दत्ता ग्रिलवर होता," मी म्हणालो. "स्टेक करायचा. त्याच्यासारखा दुसरा करणारा इथे मिळणार नाही. तासभर झाला, ते कुणीच बोललेलं नाही."

"इकबालभाई, प्रसंग काय आहे तो तरी बघा," अध्यक्ष म्हणाले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "वहिनींसमोर कशाला?" टेबल नऊ माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य, आणि त्या हॉलमध्ये काय झालं असतं ते मला दिसत होतं. साहेबांनाही दिसलं असावं. त्यांनी मला तेव्हा शिडीवर पाहिलं होतं की काय, कोण जाणे, पण ते घाम पुसायला लागले. मी ते वाक्य गिळलं. दत्तासाठी. आज लिहितानाही नाव लिहिलेलं नाही, तेही त्याच्याचसाठी.

मी खाली बसतोय तोवर श्रुती उभी राहिली. "एक मिनिट. सॉरी, माझं मराठी एवढं चांगलं नाही." ती फोटोकडे वळली. "बाबा स्टेक बनवायचे. स्वतः खायचे नाहीत, पण बनवायचे. त्यांना ते खूप आवडायचं. घरी येऊन मला एकटीला सांगायचे, आज एक आजोबा किचनमध्ये थँक यू म्हणायला आले. तुम्ही सगळे ते सोडून बोलताय. ते सोडलं तर… मग तुम्ही नक्की कोणाबद्दल बोलताय?"

दोन मिनिटं शांत उभं राहायचं असं ठरलं होतं, ते घाईघाईने उरकलं आणि लोक चपला शोधायला लागले. वहिनी मात्र खुर्चीत तशाच बसून राहिल्या, मुलीचा हात घट्ट धरून.

गेल्या शुक्रवारी दोघी आमच्याकडे आल्या. श्रुतीनेच फोन केला होता, "काका, तुम्हाला बाबांसारखा जमतो का?" मी म्हटलं, बाबांसारखा नाही, पण ये. वहिनी बाहेरच्या खोलीत बसतील असं मी धरून चाललो होतो. रेहानाने त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यांत वरणभात केला होता. पण तवा धुरावला आणि त्या उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पदर नाकाला नव्हता. बराच वेळ बघत होत्या.

"हे असं रोज?" त्या म्हणाल्या.

"रोज. पंधरा-वीस तरी."

"मला कधी काही सांगितलं नाही त्यांनी. मीही विचारलं नाही… घरी विषयच नको, असं चाललं होतं आमचं." मग म्हणाल्या, "काल समितीचा फोन होता. यंदाच्या प्रसादाला काळ्या वाटाण्याच्या आमटीचं त्यांचं माप हवंय."

माझ्या हातातला चमचा तव्यावर आपटला. "मग? काय म्हणालात?"

"म्हटलं, माप हातात होतं. हात तुम्हाला चालला नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि म्हटलं, ते स्टेक करायचे. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर तसंच सांगा."

मग त्यांनी मला विचारलं, "ते इथे कुठे उभे राहायचे?" मी खिडकीजवळची जागा दाखवली. वहिनी तिथे जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही जेवायला बसलो, श्रुतीने पहिला घास घेतला, तिचे डोळे भरून आले. रेहानाने वहिनींना दोनदा ताटावर बोलावलं. "येते," त्या म्हणाल्या, आणि तिथूनच मुलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.